मागच्या बाकावरच्या माणसाला सेवेत कसं आणावं: मंडळीतल्या नव्या कारभाऱ्यांसाठी

नव्यानं पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा (चर्चचा) कारभार पाहणाऱ्या समितीवर, निवडून आलात, किंवा तरुण संघाचे, महिला संघाचे सेक्रेटरी झालात, की पहिल्याच बैठकीत एक वाक्य कानावर पडतं: "आपल्या लोकांना सेवेची आवडच राहिली नाही." तेच सात-आठ जण सतरंज्या घालतात, तेच मुलांची रविवारची शब्बाथ शाळा घेतात, नाताळचा मांडवही तेच उभा करतात. बाकीचे येतात, अर्पण टाकतात, आशीर्वाद झाला की चपला घालून घरी जातात. मीही हे वाक्य बरीच वर्षं बोलत आलो. आता बोलत नाही.

बायबलात मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी आठवा. तो पहाटे बाजारात जाऊन मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला जातो. शेवटी अकराव्या ताशी, म्हणजे आपल्या घड्याळात पाचच्या सुमाराला जातो, तरी काही माणसं तिथं उभीच असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं तो विचारतो. आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही, असं ते सांगतात. आपल्या मंडळ्यांमधल्या बहुतेक शांत माणसांचं उत्तर हेच आहे. फरक एवढाच, की आपण त्यांना विचारायला जात नाही म्हणून ते आपल्याला ऐकू येत नाही.

आपल्याकडे याला एक जुनं कारणही आहे, ते नव्या कार्यकर्त्यानं समजून घ्यावं. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले. पुढे नगर जिल्ह्यात आणि आसपास गावोगाव शाळा निघाल्या, मंडळ्या उभ्या राहिल्या. कामाला माणसं लागत, ती पगारावर नेमली जात: उपदेशक, मास्तर, बायबल बाई (घरोघर जाऊन बायकांना बायबल शिकवणारी). गावात आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची तर मास्तरांना बोलवा, मुलांना वचनं पाठ करून घ्यायची तर बाईंकडे पाठवा. त्या माणसांनी फार कष्ट केले, पण "मिशनचं काम" हे पगारी माणसाचं काम, अशी सवय घराघरात मुरली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यामागे ख्रिस्ती माणसानं पगाराविना, आपल्या मातीतल्या रीतीनं प्रभूचं काम करावं हीच तळमळ होती. त्याला शंभरावर वर्षं झाली, तरी आजही "ते पाळकसाहेबांचं काम" असं आपण सहज म्हणून जातो. तेव्हा समोरच्या माणसाला आळशी म्हणण्याआधी ही सवय त्याला कुठून आली ते ध्यानात ठेवा.

पहिली पायरी: सभासद पट घेऊन बसा

पाळकांना सांगून पट मागून घ्या. एका संध्याकाळी तो घेऊन पाळक, तुम्ही आणि महिला संघातली एखादी जुनी मावशी, असे तिघं बसा. मावशी हवीच. कुणाच्या सुनेला बाळ झालं, कोण पुण्याला मुलाकडे राहायला गेलं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, हे पटावर कुठंच लिहिलेलं नसतं आणि तिला सगळं ठाऊक असतं.

प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: पोटापाण्याला काय करतात, हाताला काय येतं, कधी मोकळे असतात, आणि पूर्वी मंडळीत काही करत होते का. वचनाचं ज्ञान किती, हा रकाना या वहीत नको. शिंपी, नर्स, एसटीतले कंडक्टर, टॅली येणारी मुलगी, लग्नात शंभर माणसांची बिर्याणी एकटीनं काढणारी काकू, मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा, हिशेबात पक्के असलेले निवृत्त मास्तर. आमच्या मंडळीची वही पहिल्यांदा भरली तेव्हा मी तासभर नुसता पाहत राहिलो. आम्ही ज्या कामांना बाहेरची माणसं पैसे देऊन आणत होतो, त्यांतली निम्मी करणारे लोक दर रविवारी आमच्यासमोर बसत होते.

या बाबतीत पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनकडे पाहावं. दुष्काळातून आलेल्या, टाकून दिलेल्या शेकडो मुलीबाया पंडिता रमाबाईंनी तिथं सांभाळल्या आणि त्यांच्या हातांना काम दिलं: माग, शेती, स्वयंपाकघर, छापखाना. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल त्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून जुळलं आणि छापलं गेलं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं गेलं. कुणाच्या हाताला काय येईल हे आधी पाहायचं आणि मग काम शोधायचं, हा क्रम तिथून घ्यावा.

वही भरताना काही नावं बाजूलाच काढा. जी बाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करते, ती सेवा करत नाही असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. तिला काम द्यायला जाऊ नका. तिला दोन तास झोप मिळावी म्हणून तिच्याकडे कोणाला तरी पाठवा.

आणि एक अवघड गोष्ट. पटावर बोट ठेवून पाहा, कोणत्या घरांना कधीच शास्त्रवाचनाला, म्हणजे उपासनेत बायबल वाचायला, उभं केलेलं नाही, कोणत्या घरांना कायम सतरंज्या आणि भांडीच दिली गेली. जात आपण दाराबाहेर ठेवून आलो असं म्हणतो, पण कामाच्या वाटपात ती पुष्कळदा आत आलेली दिसते. तसं दिसलं तर बैठकीत बोलून घ्या आणि पुढच्याच महिन्याचं वाचन त्या घरांकडे द्या.

दुसरी पायरी: घरभेट, पण रिकाम्या हातानं

वर्गणीचं पावतीपुस्तक घरी ठेवून जा. बऱ्याच घरांचा अनुभव असा असतो, की कमिटीची माणसं दारात आली म्हणजे एक तर वर्गणी थकलेली असते नाहीतर निवडणूक जवळ आलेली असते. दोघं जा, एक पुरुष आणि एक बाई असेल तर उत्तम. आधी फोन करा. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर बसू नका. शेवटी प्रार्थना करा, पण त्यांनी सांगितलेल्या गोष्टीसाठी करा.

पहिल्या भेटीत काम मागायचंच नाही. विचारायचं एवढंच: घरचं कसं चाललंय, मंडळीत काय बरं वाटतं, आणि पूर्वी काय करत होता ते का सुटलं. तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो.

आमच्या मंडळीत एक निवृत्त वायरमन काका अकरा वर्षं शेवटच्या बाकावर, स्विचबोर्डाजवळ बसत होते. वर पंखा कटकट करायला लागला की उपदेश चालू असतानाही त्यांची नजर वर जायची. आम्ही काय समजायचो, तर यांचं लक्ष लागत नाही. भेटीला गेलो तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी कपाटाखालून पत्र्याची पेटी ओढून काढली. प्रत्येक टेस्टर, प्रत्येक पक्कड जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, फडक्याला तेलाचा वास. मग हळूहळू बोलले. मंडळीतलं वायरिंग जळत आलंय, असं त्यांनी फार पूर्वी कमिटीला सांगितलं होतं. त्यावर कोणी काही बोललं नाही आणि पुढच्या महिन्यात बाहेरचा ठेकेदार आला. "मला कोणी विचारलं नाही. मग मीही म्हटलं, आपण बसावं." त्या कमिटीवर मी होतो. मी त्यांची माफी मागितली, आणि तिथंच काम मागण्याचा मोह आवरला.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो आणि विचारलं, झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) आदल्या दिवशी येऊन फक्त बोर्ड बघाल का? काका आले. बोर्ड उघडला तेव्हा आतल्या तारांचं प्लास्टिक हाताला भुग्यासारखं लागत होतं. त्या आठवड्यात त्यांनी ते सगळं बदललं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन, भर उन्हात, येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवर सात जण बोलले आणि पंखे एकदाही थांबले नाहीत.

तिसरी पायरी: कामाचे लहान तुकडे करा

"सेवेत या", "महिला संघात सक्रिय व्हा" असं म्हटलं की माणूस घाबरतो, कारण त्याला त्याचा शेवट दिसत नाही. एकदा हो म्हटलं की मरेपर्यंत सुटका नाही, हे त्यानं इतरांच्या बाबतीत पाहिलेलं असतं. म्हणून काम असं सांगा की त्याला आरंभ असेल, अंत असेल आणि ते एका दमात सांगता येईल. उदाहरणार्थ: "येत्या चार रविवारी पावणेनऊला दारात उभं राहून येणाऱ्यांच्या हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक द्याल का?"

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे एकटा सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसतो, आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशानं तू झिजून जाशील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला तो सुचवतो. आपण नेहमी हजारांवरचा माणूस शोधत राहतो. मंडळीला सगळ्यात जास्त गरज दहांवरच्या माणसाची असते: आपल्या गल्लीतली दहा घरं ओळखणारा, कोण आजारी आहे ते शनिवारपर्यंत पाळकांना कळवणारा.

नहेम्याच्या पुस्तकातला तिसरा अध्याय नुसत्या नावांचा म्हणून आपण भराभर उलटतो. तो एकदा या नजरेनं वाचा. यरुशलेमेचा कोट बांधायला सोनार आले, सुगंधी द्रव्यं करणारे आले, एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुली आल्या, आणि कित्येकांनी तर फक्त स्वतःच्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. घरासमोरचा भाग: नवख्याला पहिलं काम देताना यासारखं माप नाही.

आमच्याकडे चाललेली काही कामं सांगतो. शास्त्रवाचन, पण उतारा गुरुवारीच मोठ्या अक्षरांत छापून घरी पोचवायचा. दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाच्या सोबत्याला दोन दिवस डबा. पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) सकाळची प्रार्थना कब्रस्तानात होते, त्याआधीच्या शनिवारी तिथलं गवत काढणं आणि पाण्याचा ड्रम भरून ठेवणं. म्हाताऱ्यांचे पेन्शनचे आणि हयातीच्या दाखल्याचे अर्ज भरून देणं. हंगामाच्या सणाला आलेल्या भाज्या, कोंबड्या, धान्य यांच्या लिलावाचा हिशेब. भजनाला पेटी किंवा तबला. शब्बाथ शाळेच्या मुलांना एक गीत शिकवणं, फक्त एकच. तुमच्या मंडळीची यादी वेगळी होईल. वहीत जे हात दिसले त्यांच्याकडे पाहून ती करा.

चौथी पायरी: नावानं विचारा

वेदीजवळून, जाहीर सूचनांमध्ये "ज्यांना इच्छा आहे त्यांनी नावं द्यावीत" असं सांगून नवा माणूस येत नाही. त्या हाकेला तेच सात-आठ जण उठतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर हात जोडल्याची चित्रं येतात, माणूस येत नाही.

घरी जाऊन किंवा समोरासमोर, एका माणसाला, एक काम, आणि तोच का हेही सांगून विचारायचं. "काकू, शनिवारी तरुण संघाची चाळीस मुलं जेवायला आहेत. तुमच्या हातचा अंदाज चुकत नाही, हे आम्ही लग्नात पाहिलंय. मसाला आणि मीठ तुम्ही पाहाल का? चिरायला, ढवळायला पोरं देतो." यात काकूंना कळतं की कोणीतरी आपल्याकडे नीट पाहिलंय.

आठ दिवस विचाराला द्या. नाही म्हणाले तर मोकळ्या मनानं "बरं" म्हणा आणि सहा महिन्यांनी दुसरं काम घेऊन या. चारचौघांत विचारू नका, त्यात नाही म्हणायची वाट बंद होते. दुखवट्याच्या घरी विचारू नका. आणि धाक घालू नका: सेवा केली नाही तर देव काही तरी काढून घेईल, किंवा उद्या तुमच्या घरी लग्न-मयत झाली तर मंडळी कशी येईल, असली वाक्यं मी मंडळीत ऐकलेली आहेत. अशा धाकानं आलेला माणूस मनानं कधीच आलेला नसतो, आणि दुसऱ्या मंडळीचं दार दिसलं की निघून जातो.

पाचवी पायरी: पहिल्या दिवशी सोबत राहा

काम देऊन निघून जाणं ही नव्या कार्यकर्त्याची नेहमीची चूक. पहिल्या दोन वेळा बरोबर कोणीतरी अनुभवी हवं, आणि त्या अनुभवी माणसानं हात मागे बांधून उभं राहायला शिकायला हवं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. दहावीतल्या एका लाजाळू मुलीला मी वाचनाला तयार केलं, पण उतारा दिला त्या दिवशी सकाळी, उपासनेच्या अर्धा तास आधी. त्यात जुन्या करारातली अवघड नावं होती. ती दोनदा अडखळली आणि पहिल्या रांगेतून एका ज्येष्ठ गृहस्थांनी मोठ्यानं उच्चार दुरुस्त केला. तिनं वाचन पूर्ण केलं, खाली येऊन आईशेजारी बसली आणि त्यानंतर तीन वर्षं पुन्हा उभी राहिली नाही. उतारा गुरुवारी पोचवायचा, हा नियम त्या रविवारनंतर आला. उपासना चालू असताना कोणीही कोणाला दुरुस्त करायचं नाही, हा दुसरा.

काम झालं की त्याच संध्याकाळी फोन करा आणि नेमकं काय चांगलं झालं ते सांगा. "छान केलंत" यापेक्षा "दुसऱ्या परिच्छेदाला थांबलात तिथं सगळे ऐकायला लागले" हे माणसाला आठवडाभर पुरतं. शाल-श्रीफळ, सत्कार, टाळ्या यांची घाई नको. पुष्कळ शांत माणसं त्यालाच घाबरून मागे बसलेली असतात.

दुखावून बसलेल्यांसाठी वेगळी वाट

काही जण आधी पुष्कळ काम करून मग बसलेले असतात. निवडणुकीतलं भांडण, जमिनीचा वाद, हिशेबावरून घेतलेला संशय, कोणाच्या लग्नात झालेला अपमान. यांच्याकडे कामाची यादी घेऊन जाणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं.

बायबलातल्या योहान मार्काचं उदाहरण मला इथं फार धीर देतं. तो प्रेषित पौल आणि बर्णबाबरोबर सुवार्तेच्या प्रवासाला निघाला आणि पंफुल्यात त्यांना सोडून परत गेला. पुढच्या प्रवासाला त्याला न्यावं की नाही, यावरून पौल आणि बर्णबात इतकं जुंपलं की दोघं वेगळे झाले. बर्णबानं मार्काला बरोबर घेतलं. आणि कित्येक वर्षांनी तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काला कोणीतरी जवळ ठेवलं होतं. तुमच्या मंडळीत हे बर्णबाचं काम कोण करील, ते आधी ठरवा. ज्याच्याशी वाद झाला त्यानं पहिल्या भेटीला जाऊ नये. पण जिथं चूक कमिटीची होती, तिथं कमिटीच्या माणसानं माफी मागायलाच हवी, "झालं गेलं विसरा" म्हणून चालणार नाही. दोन-तीन भेटी नुसत्या चहाच्या होऊ द्या. पुष्कळदा काम ते स्वतःच विचारतात.

पैसा आणि मुलं

या दोन ठिकाणी उत्साहाच्या भरात कोणालाही बसवू नका.

अर्पणाची मोजणी नेहमी दोघांनी, वेगवेगळ्या घरच्या माणसांनी, त्याच ठिकाणी करायची. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून दोघांनी सही करायची. नव्या माणसाला हे काम द्यायला हरकत नाही, उलट विश्वास टाकला म्हणून त्याला बरं वाटतं, पण एकट्याला कधी नाही. त्यात मंडळीचं जितकं रक्षण आहे, तितकंच त्याचंही आहे.

मुलांच्या कामात निदान सहा महिने नियमित येणारा, ओळखीचा माणूस घ्या. वर्गात दोन मोठी माणसं, दार उघडं, मुलाला एकट्यानं कुणाच्या घरी बोलवायचं नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून रक्षण करणारा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून ते आपसांत मिटवता येत नाही.

तरुणांबद्दल थोडं

खुर्च्या उचला, बॅनर लावा, इतकंच त्यांच्या वाट्याला येतं, आणि निर्णय मात्र बैठकीत मोठे घेतात. एक काम पूर्ण त्यांच्या हाती द्या. नाताळातली घरोघरची कॅरल फेरी घ्या: कोणत्या घरी कोणत्या दिवशी जायचं, गीतं कोणती, अर्पण कोणत्या गरजूला द्यायचं, सगळं त्यांनी ठरवायचं. आपल्याला न आवडणारी चाल त्यांनी घेतली तर घेऊ द्या. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्यांना विसरू नका. पटाची वही संगणकावर चढवणं, आजाऱ्यांच्या यादीतल्या दोघांना आठवड्यातून फोन करणं, हे हिंजवडीत बसूनही होतं.

मुदत संपली की

चार रविवार ठरले होते तर चौथ्या रविवारी जाऊन विचारा: पुढे चालू ठेवायचं, दुसरं काही पाहायचं, की थांबायचं? थांबतो म्हणाले तर आभार मानून थांबू द्या. ज्याला सन्मानानं थांबता येतं, तो पुन्हा हो म्हणायला घाबरत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत पाच घरांच्या वर हात घालू नका. पाच घरं, प्रत्येकी दोन भेटी, एक काम. आम्हीही पाचच घेतली होती. तिघं आली, एक बाई पुढच्या वर्षी आल्या, एका घरी अजून नुसता चहाच होतो आणि आम्ही जात राहतो.

वायरमन काका आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येऊन बोर्ड तपासतात. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्याबरोबर आयटीआयला जाणारा एक मुलगा असतो. तोही शेवटच्याच बाकावर बसायचा. त्याला आम्ही कोणी विचारलं नव्हतं. एका रविवारी उपासना सुटल्यावर काकांनीच त्याला दारात थांबवलं, नाव घेऊन हाक मारली आणि विचारलं, "शनिवारी शिडी धरायला येशील का?"